मुसंदम, लिमा रॉक: कड्यालगतच्या डाइव्हसाठी वजन, हवा आणि करंटचं गणित कसं बसवायचं?

भटका_शारजा

स्कूबा डाइव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालाय. सराव बहुतेक पूलमध्ये आणि फुजैराजवळच्या उथळ पाण्यात, म्हणजे खाली वाळू दिसत असते तिथे. नोव्हेंबरात एक ग्रुप दिब्ब्याहून बोटीने ओमानच्या मुसंदममधल्या लिमा रॉकला चाललाय. तिथे कडा सरळ खाली उतरतो आणि तळ दिसत नाही असं ऐकलं. अशा ठिकाणी खोली सांभाळायची कशाच्या आधारावर? पूलमध्ये ३ मिमी सूटवर ४ किलो वजन बसलं होतं, तेच चालेल का? ग्रुपमधले म्हणतात "सिलिंडरमध्ये ५० बार दाब असताना वर आलास की झालं", पण कड्याला हा नियम पुरतो का? शिवाय खाली ओढणाऱ्या करंटबद्दल वाचून थोडी धास्ती आहे. नेमकं काय करायचं असतं? सिलिंडर भाड्याचा, नेहमीचा ८० क्यूबिक फुटी अ‍ॅल्युमिनियम. खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा आहे.

खडप

आधी जागा समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. मुसंदम म्हणजे चुनखडीचे डोंगर थेट समुद्रात बुडालेले. जमीन खचत गेली आणि दऱ्यांत पाणी शिरलं, म्हणून ते खोर, म्हणजे चिंचोळ्या खाड्या, तयार झाले. त्यामुळे पाण्यावर जसा कडा दिसतो तसाच तो खालीही चालू राहतो: खोबणी, कपारी, मध्येच पुढे आलेली छपरं, कोसळलेले धोंडे. लिमा रॉक हे लिमाच्या उपसागराच्या तोंडाशी उभं असलेलं बेट आहे, लांबट, साधारण पूर्व-पश्चिम. एक बाजू उत्तरेची, एक दक्षिणेची, आणि दोन टोकं. टोकांकडे पाणी हौशी डाइव्हिंगच्या ४० मीटर मर्यादेच्याही खाली जातं. म्हणजे तुम्हाला थांबवायला तिथे वाळू नाही. तुमच्या ओपन वॉटर कार्डाची मर्यादा १८ मीटर आहे आणि ती राखायचं काम बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), श्वास आणि मनगटावरचा कॉम्प्युटर एवढ्यांनीच करायचं आहे.

आता वजन. पूलमधले ४ किलो समुद्रात पुरणार नाहीत. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड. तुम्ही आणि तुमचं सगळं सामान मिळून १०० किलो धरलं तर फक्त पाणी बदलल्यामुळे अडीच किलो वाढवावे लागतात. त्यात नोव्हेंबरात ५ मिमी सूट घातलात तर आणखी दीड-दोन किलो. पण हे आकडे फक्त सुरुवात करायला. खरी तपासणी डाइव्हच्या शेवटी: सिलिंडरमध्ये ५० बार, बीसीडी पूर्ण रिकामी, ५ मीटरवर नेहमीचा श्वास घेत स्थिर राहता आलं पाहिजे. सुरुवातीलाच बघायचं असेल तर भरलेल्या सिलिंडरसह, रिकाम्या बीसीडीने, अर्धा श्वास रोखून डोळ्यांच्या पातळीपर्यंत तरंगा आणि त्यावर २ किलो वाढवा. २०० पासून ५० बारपर्यंत तुम्ही श्वासाने संपवता त्या हवेचं वजनच तेवढं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी वर उचलू लागतो, तो हिशेब यात आला.

"थोडं जास्तच असू दे, बुडायला बरं" हा सल्ला कड्यावर सगळ्यात वाईट. कारण बघा. ४ किलो जास्तीचे असले तर १० मीटरवर ते तोलायला बीसीडीत ४ लिटर हवा जास्त लागते. तिथून २० मीटरवर घसरलात की दाब २ बारचा ३ बार झाला, ती हवा आक्रसून २.७ लिटर उरली आणि तुम्ही जवळजवळ १.३ किलोने जड झालात. सूट दबतो तो वेगळाच. म्हणजे घसरण स्वतःच स्वतःला वेग देते. जास्तीचं एकच किलो असेल तर हाच फरक ३०० ग्रॅमचा, एका भरल्या श्वासात सावरतो. वाळूच्या तळावर ही चूक झाकली जाते, कारण वाळूवर टेकून माणूस सावरतो.

उतरताना कड्याकडे तोंड करा. निळ्या पाण्याकडे बघत उतरलात तर आपण खाली चाललोय हे डोळ्यांना कळतच नाही. समोर खडक असला की एखादी शिंपली किंवा भेग वर सरकताना दिसते आणि वेगाचा अंदाज येतो. ५ मीटरवर एकदा थांबा, बीसीडीत थोडी थोडी हवा भरून पूर्ण स्थिर व्हा, मगच पुढे. कान मोकळे करणं दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायला लागण्याची वाट न बघता.

शून्य_बार

हवेचं बोलतो. ५० बार हा आकडा बोटवाल्यांच्या सोयीचा आहे: सिलिंडर बोटीवर परत यावा तेव्हा त्यात एवढं असावं. खालून कधी निघायचं हे तो सांगत नाही. वर यायला सुरुवात करायचा आकडा असा काढायचा की तुमच्या बडीची (जोडीदाराची) हवा त्याच क्षणी पूर्ण बंद पडली तर दोघंही एकाच सिलिंडरवर वर पोचली पाहिजेत.

घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबात मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो. दोघांचे ६०. तुमचा सिलिंडर पाण्याच्या मापाने ११.१ लिटरचा. १८ मीटरवरून:

सावरायला १ मिनिट, २.८ बार दाबावर: १६८ लिटर
५ मीटरपर्यंत वर यायला दीड मिनिट, सरासरी २.१५ बार: १९४ लिटर
सेफ्टी स्टॉप (५ मीटरवरचा थांबा) ३ मिनिटं, १.५ बार: २७० लिटर
शेवटचे ५ मीटर सावकाश, १ मिनिट: ७५ लिटर

एकूण ७०७ लिटर, भागिले ११.१, म्हणजे ६४ बार. गेज इतकं काटेकोर नसतं, म्हणून ७० धरा. हेच गणित २५ मीटरवरून केलं तर ८५ च्या आसपास येतं. म्हणजे खोलवर "अजून ७० बार आहेत" म्हणत रेंगाळणारा माणूस दोघांच्या वाटणीची हवा आधीच संपवून बसलेला असतो.

आता उरलेल्या १३० बारमध्ये किती वेळ? नव्या माणसाचा खप २२ लिटर धरला तर १८ मीटरवर मिनिटाला ६२ लिटर, म्हणजे साडेपाच बार. सगळा वेळ तिथेच काढलात तर २३-२४ मिनिटांत खेळ खलास. म्हणून कड्यावर सगळ्यात खोल भाग आधी उरकायचा आणि मग नागमोडी वाटेने हळूहळू वर चढत यायचं. १० मीटरवर तोच खप ४ बार होतो, ६ मीटरवर सव्वातीन. कड्याचा मोठा फायदा हाच: वर येण्याच्या वाटेवरही बघायला खडक असतोच. लिमावर तर रंगीत मऊ प्रवाळ आणि माशांची गर्दी ६ ते १२ मीटरमध्येही भरपूर. १८ च्या खाली काही राहून गेलं असं समजू नका.

बाकी, गेज दर पाच मिनिटांनी बघा आणि बोटांनी बडीला आकडा दाखवा. "ओके" ची खूण हा आकडा नव्हे.

उधाण

करंटबद्दल. खाली ओढणारा प्रवाह म्हणजे काही भोवरा-बिवरा नाही. आडवं वाहणारं पाणी खडकावर आदळतं, त्याला वर, खाली किंवा बाजूने जावं लागतं, आणि टोकाला वळसा घालून पुढे गेल्यावर मागच्या बाजूला ते खाली सांडतं. म्हणून लिमावर जपायची जागा म्हणजे दोन्ही टोकं. मधल्या भागात, विशेषतः आडोशाच्या बाजूला, त्याच दिवशी त्याच वेळी पाणी संथ असू शकतं.

तारीख हातात असेल तर दिनदर्शिका काढा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, द्वितीया-तृतीयेला पाणी सगळ्यात जोरात. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, पाणी मवाळ. कोकणातला कुठलाही मच्छीमार ह्यावरच जाळी टाकायचं ठरवतो आणि होर्मुझच्या दाराशीही चंद्र तोच आहे. नव्या माणसाने पहिली लिमा डाइव्ह नवमी-दशमीला केलेली बरी. मात्र भरतीच्या तक्त्यात दिलेली वेळ म्हणजे त्या टोकाशी पाणी थबकण्याची वेळ, असं धरून चालू नका, दोन्हींत अंतर पडतं. ते बोटीच्या तांडेलाला विचारा.

पाण्यात शिरल्यावर खुणा बघा. मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून जागच्या जागी पोहत असतील तर प्रवाह त्या दिशेकडून येतोय. लाल दातांचे ट्रिगरफिश काळ्या ढगासारखे कड्यापासून सुटून उभे असतील तर तिथे पाणी चांगलंच वाहतंय. मासे तिरके, डोकं वर करून पोहत असतील, किंवा तुमचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी तुमच्याभोवती घुटमळत असतील, तर पुढे जाऊ नका. आल्या वाटेने वळा. आणि कान: तुम्ही काही केलं नसताना कानांवर अचानक दाब आला तर तुम्ही खाली जाताय, कॉम्प्युटर बघा.

सापडलातच तर पहिलं काम कड्याला चिकटणं. खडकाला घासून वाहणारं पाणी मंद असतं. मेलेल्या, उघड्या खडकाची खोबण पकडा, श्वास खाली आणा, मग हातांनी एकेक पकड घेत वर सरका.

खडप

उधाण यांच्याशी बाकी सहमत, पण "आधी कडा" हे नेहमीच बरोबर नाही. टोकाच्या मागच्या बाजूला पाणी सांडतं तेच मुळी कड्यालगत. तिथे हात घालायला धड खोबण नसेल तर कड्याकडे पोहण्यात वेळ जातो आणि खोली वाढत राहते. अशा वेळी कड्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात आडवं निघायचं. खाली सांडणारा पट्टा अरुंद असतो.

उधाण

मान्य, तर असं म्हणू: हात पोचेल एवढा कडा जवळ आणि धरण्याजोगा असेल तर कडा, नाहीतर बाहेर. दोन्हींत एक गोष्ट करायची नाही ती म्हणजे सरळ वर फिन मारत राहणं. एक नॉट म्हणजे मिनिटाला ३१ मीटर. माणूस फिन मारून बराच वेळ टिकवू शकतो तो वेग साधारण याच्या निम्मा. दम तेवढा लागतो आणि हवा दुपटीने जाते.

बीसीडीत हवा भरायची वेळ येऊ शकते, भरा. पण डावा हात डम्प व्हॉल्व्हवरच (हवा बाहेर सोडायच्या झडपेवर) ठेवा. पट्टा सुटला की ती सगळी हवा फुगायला लागते आणि जो माणूस क्षणापूर्वी खाली चालला होता तो बूच सुटल्यासारखा वर निघतो. वर जाताना श्वास अजिबात रोखायचा नाही. वजनाचा पट्टा सोडणं हा अगदी शेवटचा उपाय.

भटका_शारजा

मनापासून आभार. तारीख बघितली, पौर्णिमेनंतरची तृतीया निघाली! ग्रुपला सांगून बघतो. अजून दोन गोष्टी: सूट ३ की ५? आणि भाड्याच्या सामानात काय तपासू? एसएमबी (पाण्यावर सोडायचा खुणेचा फुगा) गाइडकडे असतो, मी वेगळा घ्यायचा का?

हर्णैवाली

तारीख हलत नसेल तर निदान ब्रीफिंगमध्ये स्पष्ट विचारा: टोकाला वळसा घालणार आहोत का? घालणार असतील तर तुम्ही आडोशाच्या बाजूचा गट मागा. चांगला गाइड नाही म्हणत नाही. आणि वर राहून स्नॉर्कल करायची तयारीही ठेवा. करंट जोरात असेल तर डाइव्ह रद्द करायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

सूट: नोव्हेंबरात वरचं पाणी २६-२७ च्या आसपास, ५ मिमी घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत २२-२३ पर्यंत उतरतं, तेव्हा हूडही. उन्हाळ्यात वर ३० च्या पुढे असतं, पण खाली थंड पाण्याचा थर लागतो. हात घालावा आणि फ्रिज उघडल्यासारखं वाटावं इतकी ती रेघ स्पष्ट असते. पाणी तिथे तेलकट, थरथरतं दिसतं आणि खाली हिरवट गढूळही असू शकतं. पूर्ण बाह्यांचाच सूट घ्या. हायड्रॉइड नावाची पिसांसारखी झुडपं कपारींच्या कडेला असतात, उघड्या कातडीला लागली की चटका बसतो आणि चार दिवस खाज. लांब काट्यांचे काळे अर्चिन, खडकाच्याच रंगाचे स्कॉर्पियनफिश, कपारीत मोरे ईल. म्हणून "खडक पकडा" वाचून प्रत्येक ठिकाणी हात टाकू नका, तो सल्ला संकटापुरता आहे. एरवी कड्यापासून एक-दीड मीटर सुटून राहा.

भाड्याचं सामान बोटीवर, निवांतपणे तपासा, उडी मारायच्या घाईत नको. सिलिंडरची चावी पूर्ण उघडा. मग गेजकडे बघत रेग्युलेटरमधून सलग चार मोठे श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक काटा खाली झुकून परत वर येत असेल तर चावी अर्धवटच उघडी आहे. वरती हवा पुरेशी येते, पण १५ मीटरवर दाब वाढला की ओढून घ्यावी लागते. हे उडीआधी पकडलं नाही तर नेमकं खोलीत कळतं. ऑक्टोपसमधूनही (बडीसाठीच्या जादा रेग्युलेटरमधूनही) श्वास घ्या, नुसतं बटण दाबून फुस्स आवाज ऐकणं पुरेसं नाही. बीसीडीत हवा भरून दहा मिनिटं सोडा, ढिली पडली तर बदलून मागा. इन्फ्लेटरचं (बीसीडीत हवा भरायचं) बटण दाबून सोडल्यावर लगेच बंद होतंय ना? भाड्याच्या सामानात मीठ साचून ते अडकतं आणि बीसीडी आपोआप फुगत राहते. इन्फ्लेटरचा पाईप एका हाताने काढायचा सराव बोटीवरच करा. खांद्यावरचा आणि मागचा, दोन्ही डम्प व्हॉल्व्ह कुठे आहेत ते डोळे मिटून सापडले पाहिजेत. रेग्युलेटर ए-क्लॅम्पचा असेल, तेव्हा सिलिंडरच्या तोंडावरची ओ-रिंग चिरलेली नाही ना ते बघा. दोन जादा ओ-रिंग खिशात असाव्यात, दिडकीची वस्तू आहे पण तिच्यापायी डाइव्ह जाते.

एसएमबी स्वतःचा घ्याच. गाइडपासून फाटाफूट झाली तर त्याच्याकडचा तुमच्या काय कामाचा? दीड मीटर उंचीचा, नारिंगी, आणि ३० मीटर दोरीची फिरकी. बाजारात १५ मीटरचीही मिळते आणि सेफ्टी स्टॉपवरून सोडायला ती चालते, पण करंटमध्ये दोरी तिरकी जाते. सोडायची रीत: आधी कड्यापासून ५-६ मीटर बाहेर या. वर बघा, डोक्यावर खडकाचं छप्पर, माणूस किंवा बोट नाही ना. फिरकी हुकने स्वतःला अडकवू नका, नुसती हातात धरा. थोडीशीच हवा भरा, वर जाताना ती फुगते. दोरी अडकलीच तर फिरकी सोडून द्या, तिच्याबरोबर वर जाऊ नका.

एक कटरही हवा. कड्यावर जुनी जाळी आणि मासेमारीचे नायलॉन धागे असतात, शिवाय तारेचे गोल गरगूर पिंजरे. धागा पाण्यात दिसत नाही. फिन अडकल्यासारखी वाटली तर गिरकी घेऊ नका, गुंता वाढतो. थांबा, बडीला बोलवा.

शून्य_बार

हर्णैवाली यांनी छप्पर म्हटलं त्यावरून: कपारीखाली गेलात की बुडबुडे छताला अडकतात आणि तिथल्या प्रवाळाला त्रास होतो. वर येतानाही नजर वरच हवी, छपराला सिलिंडर ठोकणारे कमी नाहीत. तसंही इथल्या प्रवाळांनी बरंच सोसलंय: २००७ मधलं गोनू चक्रीवादळ आणि पाठोपाठ २००८-०९ ची लाल भरती (शैवालाची अतिवाढ).

नायट्रॉक्सचं (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचं) कुणी विचारलं नाही तरी सांगतो. १८ मीटरपर्यंतच जाणार असाल तर गरज नाही. साध्या हवेवर तिथे तक्त्याने ५६ मिनिटं (वर येताना सक्तीचे थांबे न लागता राहता येणारा वेळ) मिळतात, तुमचा सिलिंडर त्याच्या आधीच संपेल. पुढे ३० मीटरला जायला लागाल तेव्हा हवेवर वेळ २० मिनिटांवर येतो, तेव्हा ३२ टक्के ऑक्सिजनचं बघा. मात्र त्याची मर्यादा ३३ मीटर. तळ नसलेल्या कड्यावर ही मर्यादा घसरून ओलांडणं सोपं आहे, म्हणून आधी बॉयन्सी पक्की, मग नायट्रॉक्स.

उधाण

वर आल्यानंतरचं राहिलं. लाट कड्यावर आपटून परत फिरते, त्या घुसळणीत बोट जवळ येऊ शकत नाही. सेफ्टी स्टॉप कड्यापासून दहा-पंधरा मीटर बाहेर करा, तिथेच वर या, बीसीडी पूर्ण फुगवा, मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडातच. तांडेलाने इंजिन न्यूट्रलला टाकून हात केल्याशिवाय शिडीकडे जायचं नाही. शिडी हातात आल्यावरच फिन काढा. वर चढणाऱ्याच्या खाली तरंगत राहू नका, सिलिंडर सुटला तर थेट डोक्यात.

कागदपत्रं: दिब्ब्याची बंदराची बाजू ओमानमध्ये आहे, सीमेवर तपासणी होते. पासपोर्टची प्रत बोटवाल्याला आधी पाठवावी लागते आणि मूळ पासपोर्ट सोबत लागतो. किती दिवस आधी, ते त्यांनाच विचारा, नियम बदलतात.

हर्णैवाली

आणि परतीचा बेत. ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, येता येता जबल जैसला जाऊन सूर्यास्त बघू. तो डोंगर १,९०० मीटरच्या पुढे आहे, रस्ताही बराच वर जातो. दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी तिथे चढणं म्हणजे शरीरात राहिलेल्या नायट्रोजनला बुडबुडे करायचं आमंत्रण. विमानाचंही तसंच: दोन किंवा जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास. रविवारी रात्रीच्या मुंबई फ्लाइटचं तिकीट असेल तर डाइव्ह शनिवारी ठेवा.

पाणी भरपूर प्या, आदल्या दिवसापासूनच. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी, आणि ती आधी जमिनीवर घेऊन बघितलेली असावी, कारण काहींना तिने झोप येते.

भटका_शारजा

ग्रुपने तारीख आठवडाभर पुढे ढकलली, दशमी मिळाली. एसएमबी आणि फिरकी घेतली. या शुक्रवारी फुजैराला वजनाची तपासणी करतो. ५ मिमीवर ८ किलोपासून सुरू करून खाली येऊ का?

खडप

हो, पण बेल्टवर १-१ किलोचे तुकडे घ्या, २ चे नकोत. ५० बारला, ५ मीटरवर, एकेक काढून बडीच्या हातात द्या. ज्या तुकड्यानंतर खाली राहायला धडपड करावी लागते तो परत चढवायचा. तो आकडा, सूटची जाडी आणि सिलिंडरचा प्रकार लॉगबुकात एकत्र लिहा. स्टीलचा सिलिंडर मिळाला की हा आकडा बदलतो.